बाबांच्या पासबुकातले लाभांश आणि माझी एसआयपी: डिव्हिडंड घेऊ की ग्रोथ?

वेळणेश्वरची_शिक्षिका

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ३८. नोकरीला २०१० साली लागले, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतर. त्यामुळे जुनी पेन्शन नाही, एनपीएस ही नवी पेन्शन योजना आहे. घरी हापूसची पन्नास-साठ कलमं आणि थोडी पोफळ आहे, ते यजमान बघतात. मुलगी तीन वर्षांची आहे.

माझे बाबा एसटीत वाहक होते. २०११ साली निवृत्त झाले, तेव्हा मिळालेल्या पैशांतले दीड लाख त्यांनी ओळखीच्या एजंटाच्या सांगण्यावरून एका इक्विटी, म्हणजे शेअरमध्ये पैसे लावणाऱ्या, म्युच्युअल फंडात ठेवले. डिव्हिडंडचा पर्याय घेतला होता. गेल्या वर्षी बाबा गेले. नॉमिनी मी असल्यामुळे युनिट आता माझ्या नावावर झाली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांची पासबुकं काढून बसले. बाबांना सवय होती, लाभांश जमा झाला की त्या ओळीपुढे लाल पेनने बारीक फुली मारायची. त्या सगळ्या ओळींची बेरीज केली, ती २ लाख १२ हजार झाली. फंडात आज १०,००० युनिट आहेत आणि त्यांची किंमत २ लाख ३८ हजार आहे.

पहिल्यांदा वाटलं, बाबांनी छान केलं. दोन्ही मिळून दीड लाखाचे साडेचार लाख झाले, आणि त्यातले पैसे अधूनमधून हातात येत राहिले. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यातूनच झालं होतं. मग शाळेतल्या एका सरांना हे दाखवलं. ते म्हणाले, "ग्रोथला ठेवले असते तर बरेच जास्त झाले असते." मला नीट कळलं नाही. फंड तोच, शेअर तेच, मग जास्त कुठून येणार?

आता मला दरमहा ६,००० रुपयांची एसआयपी सुरू करायची आहे, निदान पंधरा वर्षं. निम्मी मुलीच्या शिक्षणासाठी, निम्मी माझ्यासाठी. एजंट तेच आहेत. त्यांचं म्हणणं, डिव्हिडंड घ्या, एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, वीस-बावीस रुपये आहे, स्वस्तात जास्त युनिट मिळतील. ग्रोथची एनएव्ही दोनशेच्या घरात आहे, ती महाग पडेल. सासूबाई म्हणतात, हातात पडतं ते खरं, बाकी कागदावरचं. आमच्याकडे उत्पन्न असंच येतं, आंबा एप्रिल-मे, सुपारी दिवाळीच्या पुढे-मागे. वर्षातून एकदा काहीतरी पदरात पडावं हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं आहे.

दोन प्रश्न आहेत. एसआयपी कशात करू? आणि बाबांची युनिट आहेत तशी राहू देऊ की बदलून घेऊ? त्या युनिटना हात लावायला जीव होत नाही, हेही सांगते.

चिपळूण_७२

ग्रोथ. दुसरा विचार करू नका. आणि एजंटाकडून रेग्युलर घेऊ नका, डायरेक्ट प्लॅन घ्या, म्हणजे एजंटाशिवाय थेट फंडाकडून. डायरेक्ट १ जानेवारी २०१३ पासून सगळ्या फंडांत आहे, कमिशन वाचतं, पंधरा वर्षांत त्याचा मोठा फरक पडतो.

अंजर्ले_पोफळबाग

ताई, मी ६६ वर्षांचा, टपाल खात्यातून निवृत्त. दापोली तालुक्यात अंजर्ल्याला घर आणि बाग आहे. तुमचं लिहिलेलं वाचून लिहायला बसलो, कारण बाबांनी जे केलं तेच मी २००९ साली केलं होतं आणि अकरा वर्षं मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

आधी तुमचा मूळ प्रश्न, की फंड तोच तर जास्त कुठून येणार. ग्रोथ आणि डिव्हिडंड हे एकाच योजनेचे दोन पर्याय. शेअर तेच, फंड मॅनेजर तोच, जोखीम तीच. फरक एवढाच की ग्रोथमध्ये सगळे पैसे फंडातच वाढत राहतात आणि डिव्हिडंड पर्यायात फंडवाले मधूनमधून तुमच्याच पैशातला तुकडा काढून तुमच्या खात्यात टाकतात आणि तेवढ्यानेच तुमची एनएव्ही खाली येते. समजा १०,००० युनिट आहेत आणि एनएव्ही ४० रुपये. म्हणजे तुमचे चार लाख. युनिटमागे ३ रुपये लाभांश जाहीर झाला, ३०,००० रुपये बँकेत आले. त्याच दिवशी एनएव्ही ३७ होते. फंडात उरले ३ लाख ७० हजार. खात्यातले ३० हजार मिळवा, पुन्हा चार लाखच. एका खिशातून दुसऱ्या खिशात, बाहेरून एक पैसा आला नाही.

मला एजंटाने समजावलं होतं ते असं: "झाड आपलं राहतं, आंबे तेवढे खायचे." आपल्याकडच्या माणसाला हे पटकन पटतं. पण तो आंबा नाही हो. कंपनी नफ्यातून जो लाभांश देते तो फंडाकडे जातो, दोन्ही पर्यायांत सारखाच जातो. फंडाकडून आपल्याला येतो तो ऐना-किंजळाचा कवळ. भाताची रोपं करायची जमीन, म्हणजे दाढ, भाजायला आपण फांद्या तोडून आणतो, तसा. तोडलेला कवळ उपयोगी पडतो, खोटा नाही. पण झाड तेवढं बोडकं होतं, आणि दर वर्षी तोडलात तर त्याचा विस्तार कधी वाढत नाही. माझ्या वाडीतला एक किंजळ वडिलांच्या वेळेपासून तोडला जातोय, बुंधा माणसाच्या मिठीत न मावणारा आणि वर छत्रीएवढा पाला. त्याच्या शेजारचा, देवाच्या जागेतला म्हणून कोणी हात न लावलेला, अर्ध्या परड्यावर सावली धरतो.

सेबीलासुद्धा, म्हणजे फंडांवर देखरेख करणाऱ्या संस्थेला, हे खुपलं असणार. म्हणून १ एप्रिल २०२१ पासून 'डिव्हिडंड' हे नावच काढून टाकलं. आता फॉर्मवर त्या जागी 'आयडीसीडब्ल्यू' असतं. त्याचा अर्थच मुळी उत्पन्नाचं वाटप आणि सोबत भांडवलातून काढलेली रक्कम असा आहे. 'भांडवलातून काढलेली' हे शब्द नावात घालावे लागले, यावरून समजून घ्या.

आता आकडा. बाजाराचं पुढे काय होईल ते कोणाच्या हातात नाही, पण हिशोबापुरते १० टक्के धरू. २ लाख रुपये १६ वर्षं ग्रोथमध्ये न हलवता ठेवले तर ९ लाख १९ हजार होतात. तेच पैसे ठेवून दर वर्षी फंडातल्या रकमेच्या ६ टक्के लाभांश बाहेर येत राहिला, तर फंडात उरतात ३ लाख ७५ हजार आणि सोळा वर्षांत हातात आलेले २ लाख ६२ हजार. मिळून ६ लाख ३७ हजार. मधले पावणेतीन लाखांहून जास्त कुठे गेले? कुणी चोरले नाहीत. जो तुकडा बाहेर आला त्याच्यावर पुढची चढत गेलेली वाढ मिळायची होती, ती मिळाली नाही. बाहेर आलेला तुकडा आपण पुन्हा कुठे गुंतवला असता तर गोष्ट वेगळी. पण आपण तो गुंतवत नाही. माझ्याकडे कधी चतुर्थीला मुंबईकर आले त्यात गेला, कधी विहिरीच्या पंपात. पासबुकात १२ हजार दिसले की घरात बारा हजारांची कामं आपोआप निघतात.

एनएव्ही स्वस्त-महाग हे तर डोक्यातून काढूनच टाका. एक लाखात २० रुपयांची ५,००० युनिट येतील किंवा २०० रुपयांची ५००. बाजार १० टक्के वाढला की दोन्हींचे एक लाख दहा हजारच होणार. डिव्हिडंडची एनएव्ही वीस आहे कारण तिच्यातून वर्षानुवर्षं काढून घेतलंय. तो स्वस्तपणा नव्हे.

माझं स्वतःचं सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारनंतर वारा फिरला आणि संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा बागेत आकाश दिसत होतं. पोफळींच्या दाटीत आमच्याकडे दुपारी बारालासुद्धा कवडसेच पडायचे. दोनशेच्या वर पोफळी आडव्या, माड अकरा, घराचे कोने आणि कौलं शेजाऱ्याच्या खळ्यात. सुपारी पुन्हा लावली तरी उत्पन्नाला सहा-सात वर्षं. आणि माझ्या मनात पक्कं होतं की जूनमध्ये फंडाचा लाभांश येतो, छप्पर त्यावर निघेल. त्या वर्षी तो आलाच नाही. मार्चमध्ये बाजार पडला होता, फंडाने काही जाहीर केलं नाही. फोन केला तर सांगितलं, लाभांशाची हमी नसते, फॉर्मवर लिहिलेलं आहे. खरंच लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. ज्या उत्पन्नाच्या भरवशावर मी अकरा वर्षं होतो, ते चांगल्या दिवसांत येत होतं आणि गरज पडली त्या महिन्यात आलं नाही.

मुलाने माझ्या नावावर दुसऱ्या एका फंडात थोडी युनिट घेऊन ठेवली होती, ग्रोथची. त्यातली ८० हजारांची विकली. २३ मार्चला निफ्टी, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, ७,६१० वर बंद झाला होता, जूनमध्ये तो १०,०००च्या आसपास परत आला होता, त्यामुळे फार तोट्यात विकावं लागलं नाही. चार दिवसांत पैसे खात्यात आले आणि पावसाने जोर धरायच्या आत पत्रे चढले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ग्रोथमध्येही पैसे काढता येतात. कधी आणि किती ते आपण ठरवायचं, फंडवाल्याने नाही. सासूबाईंना हे सांगा. कागदावरचं म्हणून जे त्या म्हणतात, ते मागितल्यावर तीन-चार दिवसांत हातात येतं.

बाबांबद्दल मात्र मनात काही ठेवू नका. २०११ साली इक्विटी फंडाच्या लाभांशावर घेणाऱ्याला कर नव्हता. निवृत्त माणसाला अधूनमधून पैसे हवे होते, ते मिळाले, आईचे डोळे झाले. निवृत्तीला आलेल्या माणसाची गरज आणि ३८ वर्षांच्या कमावत्या बाईची गरज एक नाही, एवढंच. आणि खरोखर नियमित उत्पन्नच हवं असेल तर आमच्या टपाल खात्यात त्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, ३० लाखांपर्यंत, २०२५ मध्ये ८.२ टक्के, व्याज दर तीन महिन्यांनी ठरल्या दिवशी. मी निवृत्तीचे पैसे तिथेच ठेवले. इक्विटी फंडाकडून व्याजासारखी अपेक्षा करायची नसते.

चिपळूणच्या भाऊंचं डायरेक्टबद्दल बरोबर आहे. तरी एक विचारतो. बाबा गेल्यावर युनिट नावावर करायचे कागद कोणी केले? तुमच्या एजंटाने घरी येऊन केले असतील तर ते कामही काम आहे. स्वतःला जमणार असेल तर डायरेक्ट घ्या, नसेल तर त्यांच्याकडूनच घ्या, पण ग्रोथ.

एक काम आजच करा. त्या फंडाच्या ग्रोथ पर्यायाची २०११ मधली बाबांनी पैसे भरले त्या तारखेची एनएव्ही आणि आजची एनएव्ही ॲम्फीच्या, म्हणजे म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या, संकेतस्थळावर काढा. सर जे म्हणाले ते तुमच्याच आकड्यात दिसेल.

हर्णै_बंदर

अंजर्ल्याच्या काकांनी लिहिलं ते अगदी खरं. आम्ही खाडीच्या या बाजूचे. माझी सहा सिलिंडरची नौका आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. दोन महिने एक रुपया येत नाही आणि खर्च मात्र त्याच दिवसांत. नौका वर ओढायची, शाकारायची, इंजिन खोलायचं, जाळी ओवायची, आणि ऑगस्टच्या आधी खलाशांना आगाऊ पैसे. मीसुद्धा याच कारणासाठी डिव्हिडंडवाला फंड घेतला होता की पावसाळ्यात हाताला लागेल. एका वर्षी फेब्रुवारीत आला, एका वर्षी सप्टेंबरात. बंदीच्या दोन महिन्यांत आला असा एकदाच. ज्या वर्षी लवकर आला त्या वर्षी जूनपर्यंत टिकला नाही.

आता मी असं करतो. पावसाळ्याचे पैसे इक्विटीत ठेवतच नाही. ऑक्टोबर ते मे धंद्यातून जे उरतं ते लिक्विड फंडात, म्हणजे शेअरमध्ये न जाता थोड्या मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात, टाकतो, ग्रोथ पर्याय, आणि तिथून एसडब्ल्यूपी लावली आहे. म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम आपोआप युनिट विकून खात्यात येते. जून, जुलै, ५ तारखेला ४० हजार. बायकोला तारीख माहीत असते, दुकानदारालाही सांगता येतं. लांबचे पैसे, मुलाचे आणि म्हातारपणाचे, ते वेगळ्या इक्विटी फंडात ग्रोथमध्ये. त्याला मी २०२० मध्येही हात लावला नाही.

ताईंनी लिहिलंय की वर्षातून एकदा काहीतरी पदरात पडावं असं वाटतं. तसं वाटत असेल तर एसडब्ल्यूपी वर्षातून एकदाही लावता येते, आंब्याचे पैसे संपतात त्या महिन्यात. पण पंधरा वर्षांचे पैसे त्याला लावू नका असं मी सांगेन. गरजेचे वेगळे, लांबचे वेगळे.

कुडाळ_करसल्ला

वर सगळ्यांनी छान सांगितलं आहे. कराचं मी जोडतो, कारण कर कमी म्हणून ग्रोथ घ्या असं सरसकट सांगितलं जातं आणि तुमच्या बाबतीत ते तसं सरळ नाही.

१ एप्रिल २०२० पासून फंडाचा लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो. एका फंड कंपनीकडून वर्षात १०,००० रुपयांपेक्षा जास्त आला तर १० टक्के टीडीएस कापून येतो (३१ मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा ५,००० होती). ग्रोथमध्ये विकेपर्यंत कर नाही. वर्षभराने विकलं तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्याहून वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के.

वरच्याच उदाहरणात बघा. लाभांशाचे ३०,००० आले तर ते पूर्ण ३०,००० उत्पन्न. जुन्या पद्धतीत २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेस धरून ६,२४० रुपये कर. त्याऐवजी ४० रुपयांच्या एनएव्हीने ७५० युनिट विकली आणि ती मुळात २५ ला घेतलेली असली, तर नफा फक्त ११,२५०. वर्षभराहून जुनी युनिट असतील आणि दुसरा नफा नसेल, तर कर शून्य. ३०,००० रुपये दोन्हीकडून सारखेच, फरक कराचा.

पण तुमचा पगार नव्या करपद्धतीत १२ लाखांच्या आत बसत असेल, आणि शिक्षिकेचा बहुधा बसतो, तर २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून सवलतीमुळे कर शून्यच होतो आणि लाभांशही त्यातच सामावतो. उलट सव्वा लाखावरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला ती सवलत मिळत नाही. म्हणजे आजच्या घडीला तुम्हाला लाभांशावर कर न लागण्याची शक्यता आहे. तरीही मी ग्रोथच सांगेन, कारण पोफळबागवाल्या काकांनी दाखवलेली वाढ कराच्या फरकापेक्षा खूप मोठी आहे, आणि पंधरा वर्षांत तुमचा पगार १२ लाखांच्या आत राहीलच असं नाही.

दर महिना ६,०००, पंधरा वर्षं, १० टक्के धरले तर भरलेले १० लाख ८० हजार आणि जमलेले साधारण २५ लाख. हे सगळं एका वर्षात काढलंत तर नफ्यावर दीड लाखाहून जास्त कर बसेल. म्हणून दर वर्षी मार्चमध्ये सव्वा लाखाच्या आत बसेल एवढा नफा विकून मोकळा करायचा आणि त्याच पैशांनी पुन्हा युनिट घ्यायची. खरेदीची किंमत दर वर्षी वर सरकते, शेवटी कर कमी बसतो. आणि मुलगी दहावीला गेली की तिच्या वाट्याचे पैसे हळूहळू सुरक्षित जागी न्यायला लागा. मार्च २०२० सारखा महिना तिच्या प्रवेशाच्या वर्षी आला तर विकायची पाळी येऊ नये.

आता बाबांची युनिट. एकाच योजनेत लाभांशातून ग्रोथमध्ये बदलणं हीसुद्धा कायद्याने विक्री आणि नवी खरेदी. घाबरू नका. वारसाने आलेल्या युनिटना बाबांची खरेदीची किंमत आणि बाबांची तारीख लागू होते. शिवाय ३१ जानेवारी २०१८ पर्यंत झालेल्या वाढीवर कर नाही, त्या दिवशीची एनएव्ही खरेदीपेक्षा जास्त असेल तर ती किंमत धरता येते. त्या तारखेची एनएव्ही काय होती ते सांगा, हिशोब लगेच होईल.

वेळणेश्वरची_शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शाळेतून आल्यावर यजमानांना शेजारी बसवून सगळं काढलं.

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे ग्रोथची बघितली. बाबांनी पैसे भरले त्या दिवशी ग्रोथची एनएव्ही ४१.५० होती, आज १८८ आहे. दीड लाखाचे ६ लाख ७९ हजार झाले असते. बाबांचे हातात आलेले आणि फंडातले मिळून साडेचार. सव्वादोन लाखांहून जास्त फरक. आकडा बघून काही वेळ गप्पच बसलो. मग आईच्या ऑपरेशनची ओळ पुन्हा बघितली, तिच्यापुढेही लाल फुली आहे. तुम्ही लिहिलंत ते वाचलं म्हणून बाबांवर राग आला नाही.

कुडाळच्या सरांनी विचारलं ती, ३१ जानेवारी २०१८ ची लाभांश पर्यायाची एनएव्ही २१.४०. आजची २३.८०. युनिट १०,०००.

काका, कागद एजंटांनीच केले होते. दोनदा घरी आले, पैसे मागितले नाहीत. बाबांची युनिट त्यांच्याकडेच राहू देईन. एसआयपी मात्र डायरेक्ट ग्रोथमध्ये मी स्वतः करणार, शाळेतल्या सरांनी मदत करतो म्हटलंय. हर्णैच्या दादांचं पाहून यजमानांनी ठरवलं की या मोसमात वाशीहून आंब्याचे पैसे आले की फवारणीचा आणि खताचा खर्च लिक्विड फंडात वेगळा ठेवायचा.

कुडाळ_करसल्ला

युनिटमागे नफा २ रुपये ४० पैसे, म्हणजे एकूण २४,०००. सव्वा लाखाच्या खूप आत. या वर्षी दुसऱ्या इक्विटीचा नफा नसेल तर बदलून घ्यायला कर काहीच नाही. विवरणपत्रात मात्र दाखवा. बदललेल्या युनिटचं वर्ष नव्याने सुरू होतं, तेव्हा पुढचे बारा महिने त्यांना हात लावू नका.

अंजर्ले_पोफळबाग

ताई, फॉर्म भरताना पर्यायाच्या रकान्यात 'ग्रोथ' वर खूण झाली का ते स्वतः बघा. रकाना कोरा राहिला तर गोंधळ होतो. आठवड्याने स्टेटमेंट येईल, त्यात योजनेच्या नावापुढे 'ग्रोथ' छापलेलं आहे का तेही वाचा. आणि बाबांचं पासबुक जपून ठेवा. लाभांशाचा एखादा चेक परत गेलेला असेल, बँकेचा आयएफएससी मध्ये बदलला असेल, तर ते पैसे फंडाकडे न मागितलेले म्हणून पडून राहतात. माझे दोन वर्षांचे असेच पडले होते. फंडाने जाहीर केलेल्या लाभांशांची यादी मागवा आणि बाबांच्या लाल फुल्यांशी एकेक ओळ ताडून बघा.